कार्ड ताकदीचं की नुसतं देखणं? ट्रेडिंग कार्ड गेममध्ये एकेक कार्ड कसं जोखायचं

‘दोन कार्डं उचला.’ एवढंच वाक्य तीन वेगवेगळ्या खेळांतल्या तीन कार्डांवर छापलेलं आहे. यू-गी-ओमध्ये ते ‘पॉट ऑफ ग्रीड’वर आहे, आणि त्या कार्डावर स्पर्धांमध्ये कित्येक वर्षांपासून बंदी आहे. मॅजिक द गॅदरिंगमध्ये ते ‘डिव्हिनेशन’वर आहे. हे कार्ड कुणाच्याही जुन्या डब्यात सहज सापडतं आणि मोठ्या स्पर्धेत सहसा कुणी त्याला हात लावत नाही. पोकेमॉनमध्ये ते ‘बिल’वर आहे. सुरुवातीच्या काळात बिल भरपूर चालायचं, मग त्याचा प्रकार बदलला आणि तेच वाक्य असूनही त्याला कुणी विचारेना. शब्द तेच, फायदा तोच, मग एकावर बंदी, दुसरं सामान्य आणि तिसरं अडगळीत, असं का?

कारण त्या वाक्यासाठी काय मोजावं लागतं, ते तिन्ही खेळांत वेगळं आहे. यू-गी-ओमध्ये पॉट ऑफ ग्रीड खेळायला काहीच खर्च येत नाही. एक कार्ड गेलं, दोन आली, पाळी तशीच शिल्लक. असं कार्ड प्रत्येक डेकमध्ये, म्हणजे खेळाडूच्या गड्डीत, जाणारच, आणि ज्याच्या हाती ते आधी लागेल तो फुकटात पुढे जाणार. मॅजिकमध्ये जवळजवळ प्रत्येक कार्डासाठी ‘माना’ नावाची ऊर्जा लागते, आणि ती देणारं लँड कार्ड पाळीला एकच खाली ठेवता येतं. डिव्हिनेशनला तीन माना लागतात. म्हणजे तिसऱ्या पाळीची सगळी कमाई त्यातच संपते. तुम्ही दोन कार्डं उचलत असता तेव्हा समोरचा मैदानात एक दांडगा प्राणी उतरवत असतो. पोकेमॉनमध्ये माना नाही, पण ‘सपोर्टर’ प्रकारचं कार्ड एका पाळीत एकदाच खेळता येतं. बिल आधी साधं ट्रेनर कार्ड होतं, एका पाळीत चारही बिल टाकली तरी चालायचं. पुढे ते सपोर्टर म्हणून छापलं गेलं आणि त्याची गाठ अशा सपोर्टरांशी पडली जे त्याच एका संधीत कितीतरी जास्त कार्डं देतात.

तेव्हा ‘हे कार्ड काय करतं?’ हा अर्धाच प्रश्न झाला. ‘हे खेळताना मी कशावर पाणी सोडतोय?’ हा उरलेला अर्धा. माझ्या मते सगळी कला ह्या दुसऱ्या अर्ध्यात आहे, आणि नव्याने खेळणारे नेमका तोच विचारत नाहीत.

इंदूरला आमच्या राजेंद्र नगरात गणपतीच्या दिवसांत दुपारी मांडव रिकामा असतो, आणि सतरंजीवर मुलांचे कार्डांचे डाव रंगतात. पोकेमॉनच जास्त. (शाळेबाहेरच्या दुकानांत मिळणारी ती सोनेरी चकचकीत प्लास्टिकची कार्डं इथे धरत नाही. ती नकली असतात आणि त्यांवरचे आकडे मनाला येतील तसे छापलेले असतात.) ह्या मुलांना मी बराच काळ बघतो आहे. हुशार आहेत, नियम तोंडपाठ आहेत, पण कार्ड निवडताना नजर पहिल्यांदा जाते ती सगळ्यात मोठ्या आकड्याकडे. सवय जुनी आहे. पहिलवानांची आणि क्रिकेटपटूंची ट्रम्प कार्डं आपण सगळेच खेळलो. तिथे बहुधा खरोखरच मोठा आकडा जिंकतो, आकडा हीच कार्डाची ताकद. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये डेक तुम्ही स्वतः बांधता, आणि तिथून गणित बदलतं.

माझ्या भाच्याकडे जुन्या चारिझार्डची 2021 च्या ‘सेलिब्रेशन्स’ संचातली नवी छपाई आहे. ते कार्ड त्याने सतरंजीवर आपटलं. “मामा, एकशेवीस एचपी! शंभर डॅमेज! ह्याच्यापुढे कोण टिकणार?” (एचपी म्हणजे किती मार बसल्यावर पोकेमॉन पडतो तो आकडा, डॅमेज म्हणजे एका हल्ल्याचा मार.)

मी वहीचा कागद फाडून त्यावर ‘हिटमॉनचॅन’ लिहिलं. तोही त्याच पहिल्या संचातला, इंग्रजीत 1999 साली आलेला. एचपी फक्त 70. एका ऊर्जेवर, म्हणजे हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायच्या कार्डावर, 20 डॅमेज, तीन ऊर्जांवर 40. कॅरमच्या सोंगट्या ऊर्जा म्हणून घेतल्या आणि दोघांना शेजारी ठेवून पाळ्या मोजायला लागलो.

चारिझार्डला हल्ला करायला चार ऊर्जा लागतात आणि पाळीला एकच ऊर्जा लावता येते. शिवाय आधी चारमँडर, मग चारमेलियन, मग चारिझार्ड अशी चढण आहे. सगळं वेळेवर हाती आलं असं धरलं, तरी पहिला हल्ला चौथ्या पाळीत. त्या हल्ल्यानंतर दोन ऊर्जा फेकून द्याव्या लागतात, त्यामुळे पाचवी पाळी कोरडी जाते आणि दुसरा हल्ला सहाव्या पाळीत होतो. सहा पाळ्यांत एकूण 200 डॅमेज.

हिटमॉनचॅन पहिल्याच पाळीत 20 मारतो. दुसऱ्या पाळीत पुन्हा 20. तिसऱ्या पाळीला तीन ऊर्जा झाल्या, तिथून पुढे दर पाळीला 40. सहा पाळ्यांची बेरीज करा: 20, 20, 40, 40, 40, 40. एकूण 200.

भाचा थोडा वेळ सोंगट्यांकडे बघत राहिला, मग म्हणाला, “पण मग दोघं सारखेच की.”

सारखेही नाहीत. समोर 70 एचपीचे प्राणी एकामागून एक येताहेत असं धरा. त्या काळच्या चांगल्या बेसिक, म्हणजे पायऱ्या न चढता थेट उतरणाऱ्या, पोकेमॉनचा एचपी साधारण एवढाच असे. चारिझार्डने 100 मारले तर वरचे 30 वाया जातात, ते पुढच्या प्राण्यावर जात नाहीत. त्यामुळे त्याचे नॉकआउट दोन, एक चौथ्या पाळीत आणि एक सहाव्यात. हिटमॉनचॅनने तिसऱ्या पाळीत पहिला, पाचव्या पाळीत दुसरा पाडला, आणि सहाव्या पाळीत तो तिसऱ्याला 40 लावून बसला आहे. शिवाय चारिझार्डसाठी डेकमध्ये तीन वेगवेगळी कार्डं ठेवावी लागतात, हिटमॉनचॅनसाठी एक. त्या संचात ‘एनर्जी रिमूव्हल’ आणि ‘सुपर एनर्जी रिमूव्हल’ अशी समोरच्याच्या ऊर्जा काढून टाकणारी कार्डंही होती. हिटमॉनचॅनची एक ऊर्जा गेली तर पुढच्या पाळीत तो पुन्हा उभा राहतो. चारिझार्डच्या तिसऱ्या पाळीत दोन ऊर्जा गेल्या तर त्याची निम्मी तयारी गेली. त्या काळात ‘हेमेकर’ नावाने गाजलेले डेक ह्याच हिशेबावर बांधलेले होते: हिटमॉनचॅन, इलेक्टाबझ, सायथर, म्हणजे लगेच उतरणारे, स्वस्तात मारणारे बेसिक पोकेमॉन, आणि उरलेल्या जागी कार्डं उचलणारे आणि समोरच्याची घडी मोडणारे ट्रेनर.

बाजारभाव ही तिसरीच गोष्ट आहे. त्याच चारिझार्डच्या पहिल्या आवृत्तीचं, डाग नसलेलं एक कार्ड 2022 मध्ये चार लाख डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं. ती किंमत दुर्मिळता, चित्र आणि लोकांच्या आठवणी ह्यांची आहे. संग्राहकाने त्यासाठी जीव टाकावा, त्यात काही वावगं नाही. डेक बांधताना मात्र तो भाव मनातून काढून टाकावा लागतो. पालकांसाठी ही बातमी चांगलीच म्हणायची, कारण चांगल्या डेकमधली बरीचशी कार्डं महाग नसतात.

आता खर्चाचा मुद्दा आणखी खोलात नेतो, कारण इथे एक विलक्षण उदाहरण आहे. मॅजिक 1993 साली आला, रिचर्ड गारफील्ड ह्या गणितज्ञाने तो रचला. त्याच्या पहिल्याच संचात पाच कार्डं एकाच साच्यातली आहेत: प्रत्येकाचा खर्च एक माना, आणि प्रत्येक कार्ड कशाचे तरी तीन देतं. ‘हीलिंग साल्व्ह’ 3 जीवन देतं किंवा 3 डॅमेज अडवतं. ‘लाइटनिंग बोल्ट’ 3 डॅमेज करतं. ‘जायंट ग्रोथ’ एका प्राण्याची ताकद आणि दम त्या पाळीपुरता 3 ने वाढवतं. ‘डार्क रिच्युअल’ 3 माना देतं. आणि ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ 3 कार्डं उचलू देतं.

कागदावर पाचही सख्खी भावंडं, पण प्रत्यक्षात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अँसेस्ट्रल रिकॉल ह्या खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत ताकदवान नऊ कार्डांत गणलं जातं. आज ते व्हिंटेज ह्या स्पर्धाप्रकारात डेकमध्ये एकच ठेवता येतं, लेगसी ह्या दुसऱ्या प्रकारात तर अजिबात चालत नाही. हीलिंग साल्व्ह मात्र शिकाऊ खेळाडूच्या डेकबाहेर क्वचितच दिसलं.

कारण ‘तीन’ कशाचे, ह्याला महत्त्व आहे. खेळाडूकडे सुरुवातीला 20 जीवन असतं, त्यातले 3 म्हणजे लहानसा तुकडा. हात मात्र 7 कार्डांचा असतो आणि त्यानंतर पाळीला एकच नवं कार्ड मिळतं, म्हणून 3 कार्डं म्हणजे तीन पाळ्यांची आवक एका मानात. त्यातलं एक गेलेल्या कार्डाची भरपाई धरलं तरी निव्वळ दोनचा नफा. लाइटनिंग बोल्ट असा नफा देत नाही. एक कार्ड देऊन तुम्ही बहुधा समोरचा एक प्राणी मारता, हिशेब बरोबरीचा. पण तो प्राणी आणायला समोरच्याने तीन माना खर्चले असतील आणि तुमचा एकच गेला असेल तर दोन मानांची बचत झाली, त्या पाळीत तुम्ही आणखी काहीतरी करू शकता. खेळाडू ह्याला टेम्पो म्हणतात. शिवाय प्राणी नसलाच तर बोल्ट थेट समोरच्या खेळाडूवर टाकता येतो, त्यामुळे तो हातात कधी कुजत नाही. जायंट ग्रोथला मैदानात आपला प्राणी लागतो, आणि नेमक्या क्षणी समोरच्याने तो प्राणी मारला तर दोन कार्डं जातात. डार्क रिच्युअल पुढच्या पाळीची चाल आज खेळू देतं. सुरुवातीच्या हातात ते सोनं असतं, दहाव्या पाळीत उचललं तर कागद. हीलिंग साल्व्ह समोरच्याने काहीतरी करण्याची वाट बघत बसतं. बोल्ट प्राणी मारून पुढचे सगळे फटके वाचवतो, साल्व्ह एखादाच फटका वाचवतं.

मेंढीकोटात दश्शीसाठी एवढी मारामारी असते, कारण त्या खेळात दश्श्या मोजून जिंकतात, एक्के मोजून नाही. कार्ड जोखतानाही आधी हाच प्रश्न घ्यावा: ह्या खेळात डाव कशावर जिंकला जातो, आणि हे कार्ड मला त्याच्या जवळ नेतं का?

हा प्रश्न नीट न विचारल्यामुळे जाणत्या खेळाडूंचीही गफलत झालेली आहे. मॅजिकच्या ‘आइस एज’ संचात 1995 साली ‘नेक्रोपोटन्स’ नावाचं कार्ड आलं. खर्च तीन काळे माना. ते मैदानात आलं की दर पाळीला मिळणारं तुमचं नेहमीचं कार्ड बंद. त्याऐवजी 1 जीवन द्यायचं आणि पाळीच्या शेवटी एक कार्ड हातात घ्यायचं, हवी तितकी वेळा. अनेकांनी आधी ते बाजूला सारलं: रोजचं कार्ड गमवायचं, वर स्वतःचं जीवनही जाळायचं! पण जीवन 20 असो वा 2, शून्य होईपर्यंत तुम्ही हरत नाही. वरचे अठरा-एकोणीस म्हणजे पडून असलेलं भांडवल, आणि नेक्रोपोटन्स ते भांडवल एकास एक भावाने कार्डांत बदलून देत होतं. हे ध्यानात आल्यावर 1996 च्या उन्हाळ्यात स्पर्धा त्याच काळ्या डेकने भरून गेल्या, इतक्या की खेळाडू आजही त्या काळाला ‘ब्लॅक समर’ म्हणतात.

पोकेमॉनमध्ये असाच धडा ‘प्रोफेसर्स रिसर्च’ देतं. 2020 च्या ‘सोर्ड अँड शील्ड’ संचात दोन सपोर्टर एकत्र आले. ‘हॉप’ म्हणतो, 3 कार्डं उचला. रिसर्च म्हणतं, हातातली सगळी कार्डं टाकून द्या आणि 7 उचला. मुलांना हॉप आवडतो. हातातलं टाकून द्यायचं म्हटलं की त्यांचा जीव वरखाली होतो, आणि घरात अन्न टाकू नये हे शिकलेल्या मुलांचं तसं होणं मला समजतं. पण जाणता खेळाडू रिसर्च टाकण्याआधी हात रिकामा करत आणतो: पोकेमॉन बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव रांगेत, बसवतो, ऊर्जा लावतो, खेळता येईल ते आयटम कार्ड खेळून घेतो. मग हातात उरतं एखाददुसरं कार्ड. ते टाकून 7 ताजी मिळतात. सपोर्टर पाळीला एकच असल्यामुळे त्या एका संधीत 3 आणि 7 हा फरक फार मोठा आहे. तोट्याची ओळ वाचून थांबायचं नाही. तो तोटा आधी चालीने किती लहान करता येतो, ते बघायचं.

आता थोडं गणित. ते कंटाळवाणं वाटतं, पण त्यावाचून ‘हे कार्ड आणि ते कार्ड मिळालं की डाव खलास’ ह्या वाक्याची शहानिशा करता येत नाही.

60 कार्डांचा डेक, एका नावाची जास्तीत जास्त 4 कार्डं, सुरुवातीचा हात 7 चा. मॅजिक आणि पोकेमॉन दोन्हीकडे ढोबळमानाने हीच चौकट आहे. चार प्रती ठेवल्या तर पहिल्या हातात निदान एक असण्याची शक्यता सुमारे 40 टक्के. तीन ठेवल्या तर साडेएकतीस, दोन ठेवल्या तर बावीस, आणि एकच ठेवली तर पावणेबारा टक्के. म्हणजे पूर्ण चार ठेवूनही दहातले सहा डाव त्या कार्डाशिवाय सुरू होतात. मॅजिकमध्ये दुसऱ्या नंबरवर खेळताना तिसऱ्या पाळीपर्यंत 10 कार्डं बघून होतात. तेव्हाही चार प्रतींपैकी एक दिसण्याची शक्यता 53 टक्क्यांच्या आसपासच असते.

आता जोडी घ्या. दोन वेगवेगळी कार्डं, दोन्हीच्या चार-चार प्रती, आणि दोन्ही पहिल्या 7 मध्ये हवीत: शक्यता साडेचौदा टक्के. दहा कार्डं बघितल्यावर साडेसव्वीस. ज्या कार्डाला जोडीदारावाचून काहीच करता येत नाही, ते पहिल्या हातात आलं, तर अशा निम्म्याहून जास्त डावांत सुरुवातीला नुसतं बसून राहणार. तेच कार्ड एकटं असतानाही थोडंफार काम करत असेल, किंवा त्याच्या जोडीदाराची जागा दुसरी चार-सहा कार्डं भरून काढू शकत असतील, तर प्रकरण वेगळं. म्हणून मी कुणी जोडी दाखवली की विचारतो: ह्यातलं एकटं आलं तर? आणि दोन्ही येऊनही समोरच्याने एक मोडलं तर?

पोकेमॉनमध्ये आणखी एक गोम आहे. डाव सुरू होताना 6 कार्डं बक्षीस म्हणून पालथी बाजूला जातात. समोरचा पोकेमॉन पाडला की त्यातलं एक घ्यायचं, सगळी घेतली की डाव जिंकला. डेकमध्ये एखादं कार्ड एकच ठेवलं असेल तर सुमारे दहातून एका डावात ते तिथे अडकून पडलेलं असतं. ज्या कार्डावाचून डेक चालतच नाही त्याची एकच प्रत ठेवणं, एवढ्यासाठीच जोखमीचं.

भाच्याने इथपर्यंत ऐकून घेतलं आणि दुसरं कार्ड काढलं. चारिझार्डच, पण 2023 च्या ‘ऑब्सिडियन फ्लेम्स’ संचातला, चारिझार्ड ईएक्स. “आता ह्याचं सांग.”

हे कार्ड मात्र खरंच स्पर्धेत गाजलेलं आहे. जगभरच्या मोठ्या स्पर्धांमध्ये ते पुढची दोन वर्षं वरच्या डेकांत टिकून राहिलं, आणि का, ते जुन्या चारिझार्डशेजारी ठेवून वाचलं की लख्ख दिसतं. जुन्याला चार ऊर्जा एकेक करून लावाव्या लागत. हा हातातून विकसित होऊन मैदानात येतो त्याच क्षणी डेकमधून तीन अग्नी ऊर्जा शोधून लावतो, आणि हल्ल्याला लागतात फक्त दोन. उरलेली एक तुम्ही बेंचवरच्या दुसऱ्या पोकेमॉनला देऊ शकता. जुन्याला प्रत्येक हल्ल्यानंतर ऊर्जा फेकाव्या लागत, ह्याला लागत नाहीत. चारमेलियनची पायरी ‘रेअर कँडी’ वापरून ओलांडता येते. एचपी 330. हल्ला 180 चा, आणि समोरच्याने जितकी बक्षीस कार्डं घेतली असतील त्या प्रत्येकामागे आणखी 30. समोरच्याने चार घेतली तर 300.

ह्या शेवटच्या ओळीपाशी जरा थांबा. पुष्कळ कार्डं अशी असतात की आपण पुढे असताना ती आणखी पुढे नेतात. ‘तुमच्याकडे पाच प्राणी असतील तर’, ‘समोरच्याचा हात रिकामा असेल तर’, असल्या अटींची कार्डं वाचायला झकास वाटतात. पण ती अट पुरी झाली त्या वेळी तुम्ही बहुधा जिंकतच होता. खेळाडू त्यांना ‘विन-मोअर’ म्हणतात आणि डेकमधून सर्वांत आधी तीच काढतात. चारिझार्ड ईएक्स उलट वागतो: तुम्ही मागे पडाल तसा तो जड होत जातो. मागे असताना डाव ओढून आणणारं कार्ड मिळणं कठीण असतं, म्हणून त्याला भाव द्यावा. अर्थात त्याच्या हिशेबात उणी बाजूही आहे. तो पडला तर समोरच्याला एकाऐवजी दोन बक्षिसं मिळतात, आणि शेवटी ते स्टेज टू, म्हणजे दोन पायऱ्या चढून येणारं कार्ड आहे, मांडणीला जागा आणि एखादी पाळी खाणारच. पण इथे दिलेल्या किमतीच्या बदल्यात मिळतं तेही तितकंच मोठं आहे.

एखादं कार्ड डावाच्या कोणत्या टप्प्यावर काय करतं, हे बघण्यासाठी मी त्याला चार प्रसंगांत कल्पून बघतो: डाव नुकताच मांडतोय, दोघं बरोबरीत अडकलोत, मी पुढे आहे, मी मागे आहे. ‘बॉसेस ऑर्डर्स’ हे पोकेमॉनचं सपोर्टर कार्ड समोरच्याच्या बेंचवरचा, तुम्हाला हवा तो पोकेमॉन पुढे ओढून आणतं. पहिल्या पाळीत ते निरुपयोगी आहे, मांडणीला काडीची मदत नाही. शेवटचं बक्षीस घ्यायचं असताना आणि समोरच्याने जखमी पोकेमॉन मागे दडवलेला असताना तेच कार्ड डाव जिंकून देतं. म्हणून ते डेकमध्ये असतंच, पण त्याच्या पूर्ण चार प्रती सहसा कुणी ठेवत नाही. कार्ड किती चांगलं आहे आणि त्याच्या किती प्रती हव्यात, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

उरतो समोरचा माणूस. पोकेमॉनमध्ये दुर्बलता लागू झाली की डॅमेज दुप्पट होतो. चारिझार्ड ईएक्सची दुर्बलता गवत प्रकाराची आहे. चारिझार्ड जोरात असताना गवत प्रकारच्या हल्लेखोराचा 170 चा फटका त्याच्यावर 340 होतो, म्हणजे एका घावात काम तमाम. ज्या सभागृहात चारिझार्ड कुणीच आणलेला नाही तिथे तोच हल्लेखोर पुन्हा 170 चा सामान्य पोकेमॉन. कार्डावर काही बदललेलं नसतं, समोरची माणसं बदललेली असतात. त्यामुळे इंटरनेटवरची ‘सर्वोत्तम दहा’ ची यादी दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या महिन्यातल्या खेळाडूंच्या हिशेबाने बनलेली असते, हे लक्षात ठेवून ती वाचावी. आमच्या रविवारच्या टेबलावर जे आठ-दहा जण बसतात त्यांचे डेक मला माहीत असतात, आणि माझ्या दृष्टीने ती माहिती कोणत्याही यादीपेक्षा मोलाची आहे. स्टँडर्ड, म्हणजे फक्त अलीकडची कार्डं चालणाऱ्या, प्रकारात खेळत असाल तर कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं अक्षरही बघा. जुनी अक्षरं ठरावीक काळाने स्पर्धेबाहेर जातात, मग कार्ड कितीही भारी असो.

तपासायचं कसं? घरच्या सरावाला कार्ड विकत घ्यायची गरज नाही. कागदावर नाव आणि मजकूर लिहून तो स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, सरकवा. आधी ठरवा की नवं कार्ड नेमकं कोणाच्या जागी येतंय. डेक 60 चाच आहे, तेव्हा आत येणाऱ्याने कुणाला तरी बाहेर काढलंच पाहिजे, आणि खरी तुलना त्या बाहेर गेलेल्याशी आहे. मग खेळताना नवं कार्ड हाती आलं की दर वेळी वहीत एकच नोंद करा: ह्या क्षणी मला हेच हवं होतं, की जुनंच बरं होतं? डाव जिंकलात की हरलात ते लिहू नका. जिंकण्या-हरण्याला दुसरी पन्नास कारणं असतात, त्यात ह्या एका कार्डाचा वाटा हरवून जातो.

आणि पाच-सहा डावांवर निकाल देऊ नका. वरचं गणित आठवा: चार प्रती असल्या तरी दहा डावांत ते सुरुवातीच्या हातात सरासरी चारदाच दिसणार, आणि एकच प्रत असेल तर दहा डावांत जेमतेम एकदा. एवढ्या डावांना वेळ नसेल तर एक आडवाट आहे. सरावात ते कार्ड मुद्दाम पहिल्या हातात ठेवून सहा कार्डं पिसलेल्या डेकमधून घ्या आणि काही डाव खेळा. मग काही डाव असे खेळा की पाचव्या पाळीला ते मुद्दाम हातात घ्यायचं. शेवटी मित्राला सांगा, तू दोन बक्षिसं आधीच घेऊन बस, आणि त्या पडत्या स्थितीतून ते कार्ड घेऊन सुरुवात करा. तिन्ही प्रकारच्या नोंदी वेगवेगळ्या पानांवर ठेवा. एकाच पानावर ‘हेच हवं होतं’ दिसत असेल तर एक किंवा दोन प्रती पुरतात, तिन्हींवर दिसत असेल तर चार ठेवा.